प्रमाण कोणी ठरवलं?

ग्राफ काढणं ही आजकाल फारच स्वस्त गोष्ट झाली आहे. सीएसव्ही फाइल घ्या, पांडाजमध्ये वाचा, मॅटप्लॉटलिबला हाक मारा, चार ओळी लिहा, की निळी रेघ स्क्रीनवर हजर! आता तर त्या चार ओळीही आपण लिहीत नाही. एआयला सांगायचं "महिन्यावार ट्रेंड दाखव", चहाचा घोट संपायच्या आत पीएनजी तयार. मग तो स्लाइडवर, स्लाइड मीटिंगमध्ये, आणि मीटिंगमध्ये कोणीतरी गंभीर चेहऱ्याने म्हणतो, "हं, इथे ड्रॉप दिसतोय."

माझं म्हणणं साधं आहे. त्या चार ओळींमध्ये आपण जे लिहिलं नाही, ते सगळं लायब्ररीने आपल्या वतीने ठरवलेलं असतं. अक्ष कुठून सुरू करायचा, कुठे संपवायचा, रंग कुठले, डब्बे किती, दोन बिंदू जोडायचे की नाही. लायब्ररीला हे ठरवावंच लागतं, त्यात तिचा दोष नाही. पण चित्राखाली नाव आपलं असतं, आणि त्या चित्रावरून कोणाची तरी शनिवारची सुट्टी जाते, कोणाचं तरी बजेट कापलं जातं. तेव्हा "ते डिफॉल्ट होतं" हे उत्तर पुरत नाही.

शाळेतला आलेखाचा कागद आठवतोय? तोच, बारीक चौकड्यांचा. वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहावं लागायचं: प्रमाण, क्ष-अक्ष १ सेमी = अमुक एकक, य-अक्ष १ सेमी = तमुक एकक. ते विसरलं की मार्क गेलाच. तेव्हा ही कटकट वाटायची. पण ते कोपऱ्यातलं प्रमाण लिहिण्याआधी आपण एक काम मुकाट्याने करायचो. सगळे आकडे बघायचो, सगळ्यात लहान कोणता, सगळ्यात मोठा कोणता, कागदावर किती जागा आहे, मग एका चौकडीला किती किंमत द्यायची. म्हणजे पेन्सिल टेकवायच्या आधी डेटाशी ओळख झालेली असायची. लायब्ररीने नेमकी ही पायरी काढून टाकली. प्रमाण अजूनही कोणीतरी ठरवतंच, फक्त आता ते आपण ठरवत नाही.

आता थोडं मॅटप्लॉटलिबच्या जन्माबद्दल, कारण त्यातच या सगळ्याची मेख आहे. जॉन हंटर नावाचा एक अमेरिकन न्यूरोबायॉलॉजिस्ट. अपस्माराच्या म्हणजे फिट्स येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युत लहरींचा अभ्यास करायचा. त्याच्या गटाकडे त्या कामासाठीचं एक विकतचं सॉफ्टवेअर होतं, पण लायसन्स एकच. संशोधक, विद्यार्थी, इंटर्न सगळे मिळून एकच हार्डवेअर डाँगल आळीपाळीने वापरायचे. (आपल्याकडच्या कॉलेज लॅबची आठवण झाली ना? :) ) हंटरने आधी मॅटलॅबमध्ये पर्याय लिहून बघितला, मग पायथॉनकडे वळला आणि २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब लोकांसमोर आलं. मॅटलॅबची सवय असलेल्यांना अडचण नको म्हणून वळण बरंचसं मॅटलॅबचंच ठेवलं. हंटर २०१२ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, कॅन्सरच्या उपचारांतल्या गुंतागुंतीमुळे गेला. त्याची लायब्ररी मात्र स्वयंसेवकांनी चालू ठेवली. २०१९ मध्ये कृष्णविवराची पहिली प्रतिमा जगाने पाहिली, ती तयार करण्याच्या कामातही मॅटप्लॉटलिब होतं.

मुद्दा असा, की हे साधन एका शास्त्रज्ञाने *स्वतः बघण्यासाठी* बनवलं. मेंदूच्या लहरी बघणाऱ्याला काय हवं असतं? लहर चौकटभर मोठी दिसावी, बारीकसा खड्डाही सुटू नये. म्हणून साधी रेघ काढली की मॅटप्लॉटलिब डेटामधला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा घेतं, दोन्हीकडे पाच टक्के मोकळी जागा सोडतं आणि मधला भाग ताणून चौकटभर पसरवतं. शोधणाऱ्यासाठी हे अगदी बरोबर. पण तेच चित्र दुसऱ्याला *दाखवायला* नेलं, की गडबड सुरू होते. कारण भिंग घेऊन बघणाऱ्याला ठाऊक असतं की हातात भिंग आहे. स्लाइड बघणाऱ्याला ते भिंग दिसतच नाही.

म्हणून मी ग्राफचे दोन प्रकार मानतो, स्वतःसाठीचा आणि दुसऱ्यासाठीचा. पहिला आपण फारच कमी काढतो. दुसरा मात्र पहिल्यासारखाच काढतो. दोन्हीकडे बोंब.

आधी पहिल्याबद्दल. सरासरीवर आपला भारी विश्वास. सर्व्हरचा सरासरी रिस्पॉन्स टाइम ३०० मिलिसेकंदांच्या आत आहे, म्हणजे सगळं आलबेल. आता समजा १०० रिक्वेस्ट आल्या. त्यातल्या ९५ ना लागले १०० मिलिसेकंद आणि ५ ना लागले ४ सेकंद. सरासरी काढा, येते २९५. रिपोर्टमध्ये हिरवा टिळा! पण २९५ मिलिसेकंदांचा अनुभव त्या शंभरातल्या एकालाही आलेला नाही. पंचाण्णव जण खूश आहेत आणि पाच जण अ‍ॅपला शिव्या घालतायत. हे कळायला फार काही करावं लागत नाही. 'हिस्ट' म्हणून एक फंक्शन आहे, शाळेतला आयतालेखच तो. ते आपण होऊन दहा डब्बे पाडतं. त्या दहा डब्ब्यांतही दोन टोकांना दोन खांब आणि मध्ये वाळवंट दिसलं असतं. एक ओळ!

आपल्या मुंबईचं उदाहरण घ्या. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७४ मिमी. दोन्हींची सरासरी ५०९ मिमी. हा ५०९ मिमीचा पाऊस कुठे पडला? कुठेच नाही. सांताक्रूझला माणसं गळ्यापर्यंतच्या पाण्यात होती आणि कुलाब्याला पावसाळ्यातला एक बरा दिवस होता. 'मुंबईचा सरासरी पाऊस' या एका आकड्यात हे दोन्ही बुडून जातं. दोन बिंदू वेगवेगळे टेकवले तरच दिसतं.

या रोगावर १९७३ मध्ये फ्रान्सिस अ‍ॅन्स्कोम या संख्याशास्त्रज्ञाने एक झकास औषध काढलं. त्याने चार लहान डेटासेट तयार केले, प्रत्येकात ११ बिंदू. चारही सेटमध्ये क्षची सरासरी ९, यची सरासरी ७.५, सहसंबंध सुमारे ०.८२, आणि त्यातून जाणारी सरळ रेषाही एकच: ३ अधिक क्षच्या निम्मे. नुसते हे आकडे बघितले तर चौघं जुळे भाऊ. ग्राफ काढला की पहिला साधा विखुरलेला, दुसरा चक्क कमान, तिसरा पट्टीने आखल्यासारखा सरळ पण एक बिंदू भरकटलेला, आणि चौथ्यात एक सोडून सगळे बिंदू एकाच उभ्या रेषेवर. सीबॉर्नमधून हा डेटा एका ओळीत मागवता येतो. प्रत्येक नव्या डेटा अ‍ॅनालिस्टला नोकरीच्या पहिल्या दिवशी लॅपटॉपबरोबर हा पण द्यावा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता दुसरा प्रकार, दुसऱ्यासाठीचा ग्राफ. इथे खरे पैसे आणि खरी माणसं गुंतलेली असतात.

माझ्या फ्लॅटमेटच्या टीममधली गोष्ट सांगतो. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, अशी कंपनी तुमच्याही ओळखीची असेलच. सपोर्ट प्रोजेक्ट. महिन्याला साधारण नऊशे तिकिटं. वेळेत सुटलेल्या तिकिटांचं प्रमाण एका महिन्यात ९७.८ टक्के होतं, तीन महिन्यांनी ९७.१ झालं. रिव्ह्यूसाठी कोणीतरी स्क्रिप्ट चालवून रेघ काढली. लायब्ररीने इमानदारीत आपलं काम केलं, अक्ष ९७.१ च्या जरा खालून सुरू झाला आणि ९७.८ च्या जरा वर संपला. रेघ डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात! कोकणकड्यावरून खाली बघितल्यासारखं. मीटिंगमध्ये सन्नाटा. निर्णय झाला की तीन नवीन पोरांनी शनिवारी यायचं.

आता हिशेब करा. नऊशेच्या ०.७ टक्के म्हणजे सहा-सात तिकिटं. आणि करारातलं टार्गेट किती होतं? ९५ टक्के! पण ९५ हा आकडा त्या ग्राफवर कुठेच नव्हता, कारण अक्ष ९७ च्या वरच थांबला होता. दोन महिन्यांनी त्याच टीममधल्या एकीने मागच्या अठरा महिन्यांचा डेटा काढला, ९५ वर एक आडवी तुटक रेघ मारली आणि मॅनेजरला दाखवलं. अठरा महिने रेघ ९७ ते ९८ च्या आसपास डुलत होती. कडा वगैरे काही नव्हता, नेहमीची लाट होती. शनिवार बंद झाले. पण गेलेले आठ-नऊ शनिवार कोण परत देणार? खोटं कोणीच बोललं नव्हतं. आकडा न आकडा बरोबर होता. फक्त प्रमाण कोणीच ठरवलं नव्हतं.

लगेच कोणीतरी म्हणेल, "सोपं आहे, अक्ष नेहमी शून्यापासून सुरू करायचा." हे पण तितकंच चूक! तापाचा चार्ट शून्य फॅरनहाइटपासून काढून बघा. ९८.६ आणि १०४ मध्ये डोळ्याला जेमतेम फरक दिसेल, आणि पेशंट मात्र अंथरुणात फणफणतोय. तिथे ५ अंश म्हणजे जीव. तिकिटांमध्ये ०.७ टक्के म्हणजे किरकोळ. तेव्हा नियम शून्याचा नाही. *किती फरक पडला तर खरंच फरक पडतो,* हे आधी ठरवायचं आणि तेवढा फरक तेवढाच दिसेल असं प्रमाण घ्यायचं. हे लायब्ररीला कळणं शक्य नाही. तापाचा आकडा आणि तिकिटांचा आकडा, दोन्ही तिच्यासाठी फ्लोटच.

एक अपवाद मात्र कडक पाळावा. खांब काढले तर शून्यापासूनच. खांबाची लांबीच बोलत असते, तो पायातून कापला की ती खोटं बोलते. मॅटप्लॉटलिबचं 'बार' हे आपण होऊन शून्यापासूनच सुरू करतं, शहाणं आहे. तो अक्ष मुद्दाम वर सरकवण्याचा उद्योग माणसंच करतात, आणि कशासाठी करतात ते सांगायला नको. रेघेत आपण उतार बघतो, तिथे शून्य दिसलंच पाहिजे असं नाही. पण मग टार्गेटची आडवी रेघ आणि जुना इतिहास दाखवणं हे कर्तव्य समजा.

प्रमाणाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे काय दाखवलं *नाही*. यावरचं सगळ्यात महागडं उदाहरण चॅलेंजर यानाचं. २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटलं, सात अंतराळवीर गेले. बूस्टरच्या जोडातल्या रबरी कड्या थंडीत नीट बसल्या नाहीत. आदल्या रात्री यावर चर्चा झाली होती. आधीच्या ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती, त्यांचं तापमान बघितलं गेलं. एक इजा ५३ अंश फॅरनहाइटला, एक ७५ ला. मग तापमानाचा संबंध काय? काहीच दिसेना. पण जी उड्डाणं सुखरूप झाली, ती हिशेबात धरलीच नव्हती. नंतर चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने दोन्ही ग्राफ छापले. सगळी उड्डाणं धरली तर ६६ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाच्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ मध्ये त्रास झाला होता, आणि ६३ अंश किंवा त्याहून कमी तापमानाच्या चारही उड्डाणांत झाला होता. उड्डाणाच्या सकाळी हवेचं तापमान होतं ३६ अंश.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. नुसत्या एका ग्राफमुळे अपघात झाला असं म्हणणं त्या इंजिनियरांवर अन्याय करणारं आहे. त्यांनी उड्डाणाला विरोध केला होता आणि वरिष्ठांनी तो मानला नाही. पण त्या रात्री 'शून्य इजा' असलेले बिंदूही कागदावर असते, तर विरोध करणाऱ्यांच्या हातात निदान एक धडधडीत चित्र असतं. चुकलेल्या केसेस तेवढ्या बघायची सवय आपल्यालाही आहेच. फक्त एरर लॉगवरून ग्राफ काढतो, बिनबोभाट पार पडलेल्या रिक्वेस्ट कोण मोजतो? सोमवारी एरर जास्त दिसतात, पण सोमवारी ट्रॅफिकही दुप्पट असतो, हे दुसऱ्या टेबलात असतं.

गायब डेटाचा आणखी एक छुपा प्रकार. दिवाळीत चार दिवस सेन्सर बंद होता. पांडाजमध्ये त्या जागी रिकाम्या नोंदी आहेत. त्या तशाच ठेवल्या तर मॅटप्लॉटलिब रेघ तिथे तोडतं, खिंड दिसते. पण आपल्याला ती खिंड 'घाण' वाटते, म्हणून आपण रिकाम्या ओळी पुसतो, आणि रेघ सरळ अलीकडून पलीकडे उडी मारते. म्हणजे ज्या चार दिवसांबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, त्यांच्याबद्दल आपण ठणकावून विधान केलं. त्याहून भारी म्हणजे तारखा मजकूर म्हणून वाचल्या गेल्या तर. मग लायब्ररी त्यांना तारखा न समजता नावं समजते आणि सारख्या अंतरावर मांडते. एक जानेवारी आणि पंधरा मार्च शेजारी शेजारी उभे! ग्राफ दिसतो छानच, कुठली एरर नाही, काही नाही. म्हणून माझं मत, खिंड दिसू द्या. ती घाण नसते, तो प्रामाणिकपणा असतो.

रंगांबद्दल थोडं, कारण इथे एक चांगली गोष्ट घडलेली आहे. वर्षानुवर्षं मॅटप्लॉटलिबमध्ये उष्णतेच्या नकाशासारखं काही काढलं की 'जेट' नावाचा इंद्रधनुषी रंगपट आपोआप लागायचा. मॅटलॅबकडून आलेला वारसा. दिसायला होळी-रंगपंचमी, पण त्यात उजेड मधेच वाढतो, मधेच कमी होतो. पिवळा आणि आकाशी पट्टा डोळ्यात भरतो आणि जिथे डेटामध्ये काही सीमा नाही तिथे सीमा असल्याचा भास होतो. काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये तर दोन्ही टोकं सारखीच काळपट. मॅटलॅबने २०१४ मध्ये जेटला निरोप दिला. मॅटप्लॉटलिबसाठी स्टेफान व्हान डर वॉल्ट आणि नॅथॅनिएल स्मिथ यांनी 'विरिडिस' हा नवा रंगपट बनवला. गडद जांभळ्यापासून हिरव्यातून पिवळ्यापर्यंत, उजेड एकसारखा चढत जाणारा, लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांनाही वाचता येणारा. जानेवारी २०१७ मधल्या २.० आवृत्तीपासून तोच डिफॉल्ट झाला. हजारो लोकांचे ग्राफ एका रात्रीत वेगळे दिसणार हे माहीत असूनही त्यांनी ते केलं. म्हणजे डिफॉल्ट ही देववाणी नाही, तेही कोणाचं तरी मत असतं आणि ते बदलू शकतं, हे लायब्ररी बनवणाऱ्यांनीच मान्य केलंय. आपण मात्र ते पोथीसारखं मानतो.

आणि हो, दोन य-अक्ष. डावीकडे विक्री, उजवीकडे जाहिरातखर्च, दोन्ही रेघा हातात हात घालून चाललेल्या. दोन्ही अक्ष स्वतंत्रपणे ताणता येतात, त्यामुळे कुठल्याही दोन चढत्या रेघा जुळवता येतात. अगदी विक्री आणि माझं वजनसुद्धा :) त्यापेक्षा एकाखाली एक दोन चौकटी काढा. बघणाऱ्याला काय ते ठरवू द्या.

आता जरा जिव्हाळ्याचा विषय, मराठी. मॅटप्लॉटलिबसोबत येणाऱ्या डेजाव्यू सॅन्स फाँटमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे अक्षावर मराठी नाव दिलं की चौकोनी डबे येतात. बरं, नोटो किंवा मुक्ता फाँट लावला तरी प्रश्न संपायचा नाही. वर्षानुवर्षं ही लायब्ररी अक्षरं एकापुढे एक नुसती ठेवत आली, मराठीला लागणारी जुळणी करत नव्हती. 'किंमत' लिहिलं की पहिली वेलांटी 'क'च्या मागे येऊन बसणार, 'शक्ती'तला 'क्त' पाय मोडून उभा राहणार. तुमच्याकडे जी आवृत्ती असेल तिच्यात आधी 'किंमत' लिहून बघा, एका शब्दात परीक्षा होते. नापास झाली तर वाटा आहेत. चित्र एसव्हीजीमध्ये सेव्ह करताना अक्षरांचे आकार न करता मजकूर मजकूरच राहू द्यायची सेटिंग आहे, मग ब्राउझर तो नीट जुळवतो. नाहीतर प्लॉटली किंवा बोकेसारखी ब्राउझरमध्ये काढणारी लायब्ररी वापरा.

"एवढी कटकट कशाला, इंग्रजी लेबल टाक की!" आयटी पार्कातल्या मीटिंगसाठी खुशाल टाका. पण गावच्या विहिरींच्या पाणीपातळीचा ग्राफ ग्रामसभेत लावायचा असेल तर? सोसायटीच्या पाण्याच्या बिलाचा ग्राफ नोटीस बोर्डावर लावायचा असेल, आणि वाचणारे आजी-आजोबा असतील तर? ज्याच्या पाण्याबद्दल निर्णय आहे, त्यालाच चित्र वाचता येत नसेल, तर ते त्याच्यासाठी काढलेलंच नाही. मोडकी वेलांटी ही मला म्हणूनच नुसती फाँटची तक्रार वाटत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप: "अरे, वेळ कुठे आहे? स्प्रिंट संपतोय." मान्य. पण मी महिनाभराचं काम सांगत नाहीये. टीमसाठी एकदा स्टाइल फाइल बनवा, फाँट, रंग, आकार त्यात टाका. मग प्रत्येक ग्राफला उरतात चार प्रश्न. अक्ष असा का? टार्गेट किंवा जुना इतिहास कुठे आहे? काय गाळलं? आणि हे बघून कोण काय निर्णय घेणार आहे? पाच मिनिटांचं काम. कोडच्या एका स्पेससाठी आपण रिव्ह्यूमध्ये अर्धा तास भांडतो, मग ज्या चित्रावर शनिवार ठरतात त्याला पाच मिनिटं नाहीत?

दुसरा आक्षेप, "एआय काढून देतंय की." देतंय, आणि कोड चांगलाच देतंय. पण त्या स्क्रिप्टमध्ये बऱ्याचदा अक्षाची मर्यादा लिहिलेलीच नसते, म्हणजे प्रमाण पुन्हा डिफॉल्टच्याच हातात. एआयला करारातलं ९५ टक्के माहीत नसतं, दिवाळीत सेन्सर बंद होता हेही माहीत नसतं. ते तुम्हाला माहीत असतं. तुमची गरज तिथेच तर आहे!

आणि लायब्ररीची खरी ताकद मला इथेच दिसते. एक्सेलमध्ये अक्ष हाताने बदलला तर मागे माग राहत नाही. स्क्रिप्टमध्ये मात्र प्रत्येक निर्णय एका ओळीत लिहिलेला असतो. अक्ष ९० पासून का, याची शेजारी कॉमेंट टाकता येते. गिटमध्ये कोणी, कधी, काय बदललं ते दिसतं. दुसरा माणूस तीच स्क्रिप्ट चालवून तेच चित्र मिळवू शकतो आणि नाही पटलं तर बदलून दाखवू शकतो. फ्लॅटमेटच्या टीममधल्या त्या मुलीने नेमकं हेच केलं. स्क्रिप्ट हाताशी होती म्हणून जमलं. नुसतं पीएनजी असतं तर कपाळाला हात लावून बसली असती. म्हणून ग्राफची स्क्रिप्टही रेपोत गेली पाहिजे, तिचाही रिव्ह्यू झाला पाहिजे, हा माझा हट्ट आहे.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. ग्राफ बघताना आपला तोच भाव असतो, समोर दिसतंय, आणखी पुरावा कशाला? पण ग्राफ हे कांकण नाही, तो आरसाच आहे. आणि आरसे फुगीर असतात, खोलगट असतात, जत्रेतले तर विचारूच नका.

असो. बरंच लांबलं. सोमवारी कोणी तुमच्यासमोर रेघ नाचवली आणि म्हणालं "हा बघा ड्रॉप", तर आवाज न चढवता एवढंच विचारा: प्रमाण कोणी ठरवलं? आणि ग्राफ तुमचा असेल, तर कोणी विचारायच्या आधीच ते कोपऱ्यात लिहून टाका.